मिक्सर अचानक बंद पडला? ‘मोटर जळाली’ म्हणण्याआधी हे तपासून बघा!

सकाळचे सात वाजलेत. इडल्या कुकरमध्ये आहेत, मुलांची शाळेची बस पावणेआठला येणार आहे आणि मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, डाळं घालून झाकण लावलंय. बटण फिरवलं आणि... काहीच नाही. पुन्हा फिरवलं. मिक्सर ढिम्म! मग भांडं काढून परत बसवणं, प्लग हलवणं, मिक्सरच्या पाठीत दोन थापा मारणं हे सगळे घरगुती उपाय होतात आणि शेवटी घरातला कोणीतरी निकाल देऊन टाकतो, “मोटर जळाली वाटतं!”

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. मिक्सर न चालण्याच्या कारणांमध्ये मोटर जळणं हे एक कारण आहे, पण त्याच्या आधी अर्धा डझन साधी कारणं रांगेत उभी असतात. त्यातली काही तर एक रुपयाही खर्च न करता, पाच मिनिटांत घरच्या घरी सुटणारी असतात. माहिती नसली की माणूस एकतर चांगला मिक्सर भंगारात देतो, नाहीतर नुसतं एक बटण दाबायच्या कामासाठी दुकानात पैसे मोजून येतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच!

मात्र काहीही करण्याआधी एक गोष्ट. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा. कारण जुन्या घरांमध्ये वायरिंग उलटसुलट झालेलं असतं आणि बटण बंद असूनही यंत्रापर्यंत वीज पोहोचलेली असू शकते. शिवाय मिक्सरचं पातं आणि आपली बोटं यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं. खाली जिथे जिथे हात लावून बघायला सांगितलंय, तिथे तिथे प्लग काढलेला आहे असंच समजायचं.

आधी कान लावा

बिघाड शोधणारा अनुभवी कारागीर मिक्सर उघडण्याआधी तो एकदा चालू करून ऐकतो. कारण मिक्सर न चालण्याचे प्रकार आवाजावरून वेगळे ओळखता येतात. अजिबात आवाज नाही, म्हणजे मोटरपर्यंत वीजच जात नाहीये. नुसतं ‘हंऽऽ’ असं घुमतंय पण फिरत नाही, म्हणजे वीज जातेय पण काहीतरी अडकलंय. मोटर तर जोरात फिरतेय पण भांड्यातलं खोबरं जागचं हलत नाही, म्हणजे मोटर आणि पातं यांचं नातं तुटलंय. आणि मधेच चालतोय, मधेच बंद पडतोय, थाप मारली की सुरू होतोय, हा आणखी वेगळा प्रकार. या चारही रोगांची औषधं वेगळी आहेत. घुमण्याचा आवाज आला तर मात्र सेकंदाभरात बटण बंद करायचं. ‘बघू, फिरेल आत्ता’ म्हणून तसाच चालू ठेवला, तर जी मोटर जळलेली नव्हती ती तेव्हा जळते.

मिक्सरच्या पोटाखालचं लाल बटण

पहिला प्रकार घेऊ. चालू मिक्सर अचानक बंद पडला आणि आता काहीच आवाज नाही. मिक्सर उचलून उलटा करा आणि तळाशी बघा. बहुतेक मिक्सरना तिथे एक छोटं बटण असतं. सहसा लाल, काहींना काळं किंवा पांढरं. काही मॉडेल्समध्ये ते मागच्या बाजूला असतं. याला ओव्हरलोड प्रोटेक्टर म्हणतात, दुकानांत नुसतं ‘ओव्हरलोड’. मोटरवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला की आतून जाणारी वीज वाढते, तिच्या उष्णतेने या बटणाच्या आतली धातूची पट्टी वाकते आणि जोड तुटतो. बटण थोडं बाहेर येतं आणि मिक्सर मेल्यासारखा गप्प होतो. खरं तर तो मेलेला नसतो, स्वतःला वाचवून बसलेला असतो.

अशा वेळी गोल बटण शून्यावर आणा. हे विसरलं आणि प्लग लावलेला असताना लाल बटण दाबलं, तर मिक्सर हातातच सुरू होईल! प्लग काढा, भांडं उतरवा, मिक्सर पंधरा मिनिटं ते अर्धा तास गार होऊ द्या. मग लाल बटण आत दाबा. ‘टक्’ असा हलका आवाज येऊन ते आत बसलं पाहिजे. लगेच दाबलं तर कधीकधी बसत नाही, कारण पट्टी अजून गरम असते. तेव्हा चिडून जोर लावायचा नाही, थोडं थांबायचं.

आता प्लग लावून, भांडं न बसवता, मिक्सर दोनच सेकंद चालवून बघा. (भांडं बसवल्याशिवाय सुरूच न होणारे मिक्सर असतात, त्यांना रिकामं भांडं लावा.) मोटर मोकळी फिरली तर तिची तब्येत ठीक आहे. दोष भांड्याचा किंवा भांड्यात घातलेल्या ऐवजाचा. उलट रिकाम्या मिक्सरलाही लाल बटण पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल, तर मात्र आत खरा बिघाड आहे. मग ते दाबत बसायचं नाही.

इथे एक चूक फार लोक करतात. लाल बटण दाबलं, मिक्सर सुरू झाला, आनंद झाला आणि भांड्यात तोच घट्ट गोळा, तेवढाच. दोन मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा बटण. असं तीन-चारदा केलं की तारांवरचं वार्निश करपायला लागतं. बटण सुटलं याचा अर्थ भांड्यातलं निम्मं काढा, थोडं पाणी घाला, असा आहे.

अडकलेली मोटर जळते कशी?

हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. मोटर फिरत असते तेव्हा ती एकाच वेळी दोन कामं करते. वीज घेऊन फिरते आणि फिरता फिरता, जनरेटरसारखी, येणाऱ्या विजेच्या उलट दिशेचा दाब तयार करते. हा उलटा दाब बाहेरून येणाऱ्या विजेला अडवून धरतो. म्हणून ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर वीज घेतो आणि आनंदात चालतो.

पण पातं अडकलं आणि मोटर थांबली की उलटा दाब शून्य. आता विजेला अडवणारं कोणी नाही, फक्त तांब्याच्या तारांचा थोडासा रोध. वीज कितीतरी पटींनी वाढते आणि तिच्यामुळे होणारी उष्णता तर विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वीज तिप्पट झाली तर उष्णता नऊपट! त्यात मोटर गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, तोही थांबलेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आणि याच कारणाने मिक्सर कापडावर, वर्तमानपत्रावर किंवा मऊ मॅटवर ठेवून चालवू नये. हवा आत घ्यायची भोकं तळाशी असतात. ती झाकली गेली की मोटरचा श्वास कोंडतो.

मिक्सरच्या तळाची किंवा पाठीची पट्टी कधी वाचलीय का? त्यावर वॅट आणि व्होल्टच्या शेजारी अनेकदा ‘३० मिनिटं’ आणि ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे हे यंत्र सलग चालण्यासाठी बनवलेलंच नाही. दिवाळीत अनारशांचं पीठ, चिवड्याचं खोबरं, करंजीचं सारण असं एकामागून एक करताना ही दोन मिनिटं कोणीच देत नाही. हळकुंडं आणि वर्षभराचा मसाला तर कांडपावरच नेलेला बरा. घरच्या मिक्सरवर तो करणं म्हणजे स्कूटरवरून उसाची मोळी वाहण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे भारतीय मिक्सरचा जन्मच एका बंद पडलेल्या मिक्सरमुळे झाला. सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे जर्मन बनावटीचा मिक्सर होता. युरोपातलं यंत्र ते, फळांचे रस आणि केकचं मिश्रण डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं. आपल्याकडची भिजवलेली डाळ आणि सुकं खोबरं त्याला झेपेना आणि मोटर गेली. माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला टिकेल अशी दणकट मोटर बनवायला घेतली आणि त्यातून १९६३ मध्ये ‘सुमीत’ मिक्सर आला. पुढे कितीतरी घरांत मिक्सरला ‘सुमीत’ असंच म्हटलं जायचं. तेव्हा डाळ वाटताना मिक्सर बंद पडणं ही काही तुमच्याच घरची गोष्ट नाही.

लाल बटण जागेवर आहे, तरी मिक्सर गप्प?

मग वीज वाटेत कुठे अडली ते शोधायचं. सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये इस्त्री किंवा दुसरं एखादं जरा वीज खाणारं यंत्र लावून बघा. मोबाईलचा चार्जर लावून तपासणं फसवं असतं. सॉकेटमधला जोड सैल असला तरी चार्जर चालतो, कारण त्याला वीज लागतेच किती! मिक्सरचा भार आला की तोच जोड दम तोडतो. एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर लावला असेल तर तो काढून थेट भिंतीत लावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

मग भांडं. हल्लीच्या अनेक मिक्सरमध्ये भांडं खाचेत पूर्ण फिरून बसल्याशिवाय किंवा झाकण लागल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. आत एक छोटा स्विच असतो आणि भांड्याचा किंवा झाकणाचा एक दात तो दाबतो. त्या खाचेत वाळलेलं पीठ बसलं किंवा प्लॅस्टिकचा दात झिजला, की स्विच दाबला जात नाही. दुसरं भांडं लावून बघा. चटणीच्या भांड्यावर मिक्सर चालतो आणि मोठ्या भांड्यावर नाही, असं झालं तर मोटरचा काही संबंध नाही. लाकडी टूथपिकने खाच साफ करा. (हा स्विच चिकटपट्टी लावून कायमचा दाबून ठेवायचा जुगाड काही ठिकाणी दाखवतात. तो करू नये. तो स्विच बोटं वाचवण्यासाठीच आहे.)

त्यानंतर गोल बटण. एक नंबरवर चालत नाही पण दोन-तीनवर चालतो, किंवा झटक्याच्या बाजूला फिरवलं की चालतो आणि इतर वेळी नाही, हे बटणाच्या आतला संपर्क झिजल्याचं लक्षण आहे. अनेक मिक्सरमध्ये वेग बदलण्यासाठी मोटरच्या तारांमधून वेगवेगळ्या ठिकाणी फाटे काढलेले असतात, त्यातल्या एखाद्या फाट्याचा जोडही सुटलेला असू शकतो. दोन्ही दुरुस्त्या छोट्या आहेत.

वायरचं म्हणाल तर ती बहुतेक दोन ठिकाणी तुटते. प्लगपाशी आणि मिक्सरच्या पोटात शिरते तिथे. कारण आपण काम झालं की वायर मिक्सरभोवती आवळून गुंडाळतो आणि रोज त्याच जागी ती मोडते. वरून अखंड दिसते, आत तांबं तुटलेलं असतं. घरात मल्टीमीटर असेल तर प्लग काढून, गोल बटण एकवर ठेवून, प्लगच्या खालच्या दोन पिनांवर रोध मोजा. (वरची जाड पिन अर्थिंगची.) काही ओहम ते काही दहा ओहम दिसले तर वायर, स्विच, मोटर या सगळ्यांतून वाट मोकळी आहे. काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तुटलंय. मोजताना वायर हलवून बघा, आकडा येत-जात असेल तर चोर सापडला.

ग्रामीण भागात आणखी एक कारण, कमी व्होल्टेज. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की बल्ब मंद होतात, तेव्हाच मिक्सरही भरलेलं भांडं फिरवायला नकार देतो. या मोटरचा जोर व्होल्टेजपेक्षाही झपाट्याने उतरतो. व्होल्टेज अर्ध्यावर आलं तर जोर अर्धा नाही, साधारण पाव उरतो. अशा वेळी थांबणं हाच उपाय.

घुमतोय, पण फिरत नाही

इथे दोषी बहुतेक वेळा भांडं. प्लग काढा, भांडं उतरवा आणि उलटं करून तळाची चकती हाताने फिरवून बघा. ती बोटाच्या धक्क्याने सहज फिरायला हवी. फिरत नसेल तर पात्याचा दांडा ज्या नळीत फिरतो (तिला बुश म्हणतात) तिथे वाळलेलं वाटण, मीठ, चिंच यांचा थर जमलाय. विशेषतः जे भांडं महिना-दोन महिने कपाटात पडून होतं त्याचं हे हमखास होतं. धुऊन ओलंच ठेवलेलं असतं, बुश गंजतो आणि दांडा धरून बसतो.

उपाय सोपा. भांड्यात गरम पाणी घालून तासभर ठेवा, मग उलटं करून तळाच्या बाजूनेही दांड्यापाशी पाणी सोडा. चकती पुढे-मागे हलवत राहा. सुटली की वाळवा आणि खालच्या बाजूने दांड्यापाशी खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा. शिवणयंत्राचं किंवा गाडीचं तेल, रॉकेल असलं काही नको. या भांड्यात उद्या चटणी वाटायचीय.

पात्याला वरून हात घालून फिरवायचा मोह टाळा. खालून चकती फिरवता येते, तर वरून बोटं कशाला कापून घ्यायची?

भांडं मोकळं आहे, तरीही मोटर घुमते, तर मिक्सरवरचा कपलर हाताने फिरवून बघा. तोही अडकलेला असेल तर मोटरचं बेअरिंग किंवा बुश जाम झालंय. हे काम दुकानातलं.

मोटर धावतेय, पातं मात्र जागेवर

मिक्सरच्या डोक्यावर आणि भांड्याच्या बुडाला एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चकत्या असतात, त्यांना कपलर म्हणतात. मोटरवरचा कपलर बऱ्याचदा मुद्दाम प्लॅस्टिकचा किंवा रबराचा केलेला असतो. लोकांना वाटतं कंपनीने पैसे वाचवले. तसं नाही. पात्यात अचानक काही अडकलं तर काहीतरी तुटणारच. ते स्वस्त कपलरने तुटावं, महागड्या मोटरने नाही, अशी ती योजना आहे. विजेच्या फ्यूजचं जे काम, तेच कपलरचं.

दात झिजले की आधी ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, मग काळी भुकटी पडते आणि एक दिवस मोटर एकटीच गरगरत राहते. नवा कपलर भांड्यांच्या किंवा गॅस शेगडी दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो. फक्त जुना सोबत न्या, कारण कंपनीप्रमाणे दातांची संख्या आणि आकार बदलतो.

काढताना मात्र गंमत आहे. नेहमीच्या सवयीने फिरवलं तर तो सुटायच्या ऐवजी आवळतो आणि माणूस घामाघूम होतो. मोटर फिरताना भाराने कपलर सुटून येऊ नये, म्हणून आटे अशा बाजूचे ठेवतात की भार त्याला आवळतच जाईल. तेव्हा कपलर सोडवायचा तर मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तो फिरवायचा. दिशा विसरलात तर पात्याकडे बघा, धारदार कड ज्या बाजूला आहे त्या बाजूला मोटर फिरते. दांडा सोबत फिरू नये म्हणून काही मिक्सरमध्ये तळातून स्क्रू-ड्रायव्हरने तो धरायची सोय असते. नसेल तर जबरदस्ती नको. आटे गेले तर पन्नासाचं काम हजारावर जातं.

थाप मारली की चालतो!

हे ऐकून कारागीर न उघडताच सांगतो, “कार्बन गेलेत.” मिक्सरच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला, म्हणजे आर्मेचरला वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात. मागून स्प्रिंग त्यांना ढकलत असते आणि ते फिरणाऱ्या तांब्याच्या गोलावर घासत राहतात. पेन्सिलीसारखे ते झिजतात. इतके आखूड झाले की स्प्रिंग पोहोचत नाही, संपर्क तुटतो. थाप मारली की ठोकळा क्षणभर टेकतो आणि मिक्सर चालू होतो. या थापेने बरं वाटलं म्हणून महिनोन्महिने तसंच चालवणारी घरं आहेत. पण सैल संपर्कामुळे आत ठिणग्या उडत राहतात आणि त्यांनी तांब्याचा गोल खरवडला गेला की मग आर्मेचरच बदलावं लागतं. कार्बनची जोडी मिसळीच्या एका प्लेटच्या खर्चात येते. बदलताना दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना नको.

तळाच्या भोकांतून हलक्या निळसर ठिणग्या दिसणं यात घाबरण्यासारखं काही नाही. हा या मोटरचा स्वभाव आहे. पण पिवळ्या-नारिंगी ठिणग्यांचं गोल कडं दिसलं, तर लगेच बंद करा.

यावरून एक गैरसमजही दूर करता येतो. छताचा पंखा घुमतो पण फिरत नाही, काठीने ढकलला की सुरू होतो, तेव्हा इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलतो. त्यामुळे मिक्सर घुमला तरी लोक ‘कपॅसिटर गेला असेल’ म्हणतात. पण पंख्याची मोटर वेगळ्या जातीची. तिच्यात कार्बन नसतात आणि सुरुवातीचा धक्का देण्यासाठी कपॅसिटर लागतो. मिक्सरची मोटर स्वतःच्या जोरावर उठते. ती वजनाला हलकी आणि वेगाला भन्नाट, रिकामी असताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे. पंखा तेवढ्यात साडेतीनशेच्या आसपास फिरतो. मिक्सर इतका किंचाळतो तो यामुळेच.

पाणी गेलं असेल तर

बाकी सगळं पैशाचं नुकसान, इथे मात्र जिवाशी गाठ आहे. भांड्याच्या तळाचा वॉशर किंवा बुश झिजला की वाटण हळूहळू खाली गळतं आणि कपलरजवळून मोटरमध्ये उतरतं. नुसतं पाणी असतं तर सुकलंही असतं. पण वाटणात मीठ असतं, आणि मिठाचा ओला थर वीज वाहून नेतो. मिक्सरला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येतात. “थोडा करंट मारतो, चप्पल घालून चालवायचा,” असं अगदी सहज सांगितलं जातं. हा मिक्सर त्या क्षणापासून वापरायचा नाही. ओला ओटा, ओले हात आणि अर्थिंग नसलेलं सॉकेट एकत्र आले की त्याच झिणझिण्यांचा झटका होतो. मल्टीमीटर असेल तर जाड पिन आणि खालची प्रत्येक पिन यांच्यामध्ये वाट मोकळी दाखवतोय का ते बघा. दाखवत असेल तर शंकेला जागाच नाही. नसेल दाखवत, तरीही झिणझिण्या येत असतील तर दुकानातच न्या. घरात आरसीसीबी बसवलेला असेल तर असा मिक्सर लावताच तो घरभरची वीज पाडतो. तेव्हा आरसीसीबीला शिव्या देऊ नका, तो बरोबर आहे.

पाणी सांडलेला मिक्सर मोबाईलसारखा तांदळात ठेवून काही होत नाही. प्लग काढून, भांडं उतरवून, पाणी निथळू द्या आणि आतून साफ करायला दुकानात द्या.

खरंच जळली असेल तर?

जळालेल्या मोटरचा वास लपत नाही. वार्निश करपल्याचा उग्र, नाकात बसणारा वास दुसऱ्या दिवशीही तळाच्या भोकांना नाक लावलं तर येतो. नव्या मिक्सरला पहिल्या दोन-चार वेळी वार्निशचा थोडा वास येतो, तो वेगळा आणि काही दिवसांत जाणारा. करपट वास, धूर आणि पुन्हा पुन्हा सुटणारं लाल बटण हे तिन्ही एकत्र असतील तर निदान जवळपास पक्कं आहे.

दुकानात गेल्यावर नुसतं ‘मोटर गेली’ एवढ्यावर मान डोलवू नका. आर्मेचर गेलंय की बाहेरची फिल्ड कॉइल, हे विचारा. दोन्हींचा खर्च वेगळा असतो. कधीकधी एकच भाग बदलून काम होतं. बदललेला जुना भाग परत मागा, त्यावर तुमचा हक्क आहे आणि काळी पडलेली तार डोळ्यांना दिसते. खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्यावर जात असेल आणि भांड्यांचे बुशही झिजलेले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. भांडी चांगली असतील तर मात्र दुरुस्ती फायद्याची पडते, कारण नव्या मिक्सरच्या किमतीत भांड्यांचा वाटा मोठा असतो.

मिक्सर उघडण्याआधी वॉरंटी कार्ड शोधा. अनेक मॉडेल्सवर पूर्ण यंत्राची वॉरंटी दोन वर्षांची आणि मोटरची पाच वर्षांची असते. घरची मंडळी ‘दोन वर्षं झाली, संपली’ म्हणून बाहेर दुरुस्तीला देतात आणि मोटर फुकट बदलून मिळायची संधी घालवतात. स्वतः स्क्रू खोलले तरी ती जाते. कंपनीचं सेवा केंद्र टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टलही सुरू केलंय. त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी बघता येते.

आणि त्या सकाळच्या चटणीचं काय? मिक्सर गार व्हायला अर्धा तास लागणार, बस पावणेआठला येणार. तोवर भांड्यातलं अर्धवट वाटण काढून घ्या, खलबत्त्यात दोन घाव घाला. नाहीतर डब्यात आज इडलीसोबत लोणचं.